सुभेदार रामजी सकपाळ : शिपाई आणि शिक्षक

आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगी मागे वळून पाहता देवालयाच्या पायाभरणीइतकीच आम्हांस आठवण होते ती खेडोपाडीच्या शाळेची, आणि त्या शाळेतील मास्तरांची. बारामती आणि इंदापूर ह्या दोन्ही तालुक्यांत असे एकही गाव नसेल, की जेथील वृद्ध माणसे आपल्या पहिल्या मास्तरांचे नाव आदराने घेत नाहीत. ज्याने पाटीवर हात धरून पहिले अक्षर गिरविण्यास शिकविले, त्याचे ऋण फेडता येत नाही, हे आपण सर्व जाणतो. म्हणून ह्या स्मरणिकेत एका अशा शिक्षकाचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे, की जो प्रथम शिपाई होता, मग शिक्षक झाला, आणि ज्याने आपले निवृत्तिवेतन, आपली झोप व आपल्या लेकींचे दागिनेसुद्धा एका मुलाच्या विद्येपायी खर्ची घातले. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे त्यांचे नाव. डॉक्टर भीमराव आंबेडकर यांचे वडील म्हणून सारा महाराष्ट्र त्यांस ओळखतो. परंतु पुत्राच्या तेजात पित्याचे स्वतःचे चरित्र बहुधा झाकले जाते.

भीमा आणि नीरा ह्या दोन नद्यांच्या मधला आपला मुलूख प्रथमपासून अवर्षणाचा. 1885 च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागण्यापूर्वी येथील शेतकऱ्याचे डोळे मृगापासून हस्तापर्यंत आभाळाकडे लागलेले असत, आणि ज्यास स्वतःची जमीन नव्हती त्याचे हाल तर विचारूच नयेत. अशा मुलखातील तरुणास पलटण म्हणजे पोटाचा आधार असे. ज्यांस गावाने वेशीबाहेर ठेविले होते, त्या महार समाजास तर पलटण हा त्याहूनही मोठा आधार होता. गावात त्यांच्या वाट्यास सरकारी सांगावे पोहोचविणे, वेस राखणे व मेलेली जनावरे ओढणे ही कामे येत. पलटणीत मात्र तोच तरुण गणवेष घाली, त्याच्या हाती बंदूक असे, आणि त्याच्या पराक्रमाची नोंद होत असे. आपल्या इंदापुरावरून वाहणारी भीमा वरच्या अंगास जेथे कोरेगावाजवळून जाते, तेथे 1 जानेवारी 1818 रोजी झालेल्या लढाईचा स्तंभ आहे, व त्यावर पतन पावलेल्या शिपायांत अनेक महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. शाळेत ज्यांस प्रवेश नव्हता त्यांची नावे दगडावर मात्र लिहिली गेली, हा त्या काळाचा विलक्षण न्याय होय.

रामजींचे घराणे ह्याच परंपरेतले. त्यांचे मूळ गाव कोकणातील आंबडवे. घराण्यातील पुरुषांनी गावकीची वंशपरंपरागत कामे सोडून कंपनी सरकारच्या फौजेत चाकरी धरिली होती, आणि रामजींचे वडील मालोजी हेही सैन्यातून निवृत्त झालेले शिपाई होते. वडिलांच्या मागोमाग रामजीही फौजेत दाखल झाले. येथपर्यंत त्यांचे चरित्र त्यांच्या पिढीतील इतर अनेक शिपायांहून निराळे नाही. निराळेपण सुरू होते ते पलटणीच्या शाळेपासून.

त्या काळच्या हिंदी फौजेत एक चांगली व्यवस्था होती. शिपायांस व त्यांच्या मुलाबाळांस लिहिणे-वाचणे आलेच पाहिजे अशी सक्ती असे, व त्यासाठी पलटणीबरोबर शाळा चालत. ज्या काळी गावच्या शाळेच्या ओट्यावरही अस्पृश्य मुलास बसू देत नसत, त्या काळी छावणीतील शाळेत शिपायाचे मूल, मुलगा असो वा मुलगी, धडा घेत असे. ह्या एका नियमामुळे शेकडो घरांत पहिल्याने पुस्तक शिरले. आपल्या समाजातील शिक्षणाचा उगम ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनी छावणीतील ह्या शाळेकडे अवश्य पाहावे. कारण दरवाजा उघडला म्हणजे आत येणारे पुष्कळ असतात, आणि बुद्धी ही कोणत्याही एका जातीची मिरास नव्हे, हे तेथे रोजच्या रोज सिद्ध होत असे.

अशा शाळांस शिक्षक हवेत म्हणून लष्कराने पुण्यास शिक्षक तयार करणारी नॉर्मल शाळा चालविली होती. रामजींनी तेथे शिक्षण घेतले, अध्यापनाची परीक्षा दिली, आणि शिपायाचे शिक्षक झाले. मराठी त्यांची उत्तम होती, गणितात गती होती, आणि इंग्रजीही त्यांनी मेहनतीने आत्मसात केली होती. पुढे ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले व सुमारे 14 वर्षे त्यांनी ते काम केले. त्यांस सुभेदाराचा हुद्दा मिळाला. वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा, की ज्या माणसास त्याच्या गावात कोणी ओसरीवर चढू दिले नसते, त्याच माणसापुढे छावणीत शिपायांच्या रांगा बसून धडे गिरवीत होत्या. एका माणसाच्या ठायी ही दोन जगे कशी नांदली असतील, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

रामजींचा विवाह मुरबाडच्या एका लष्करी घराण्यातील भीमाबाई यांच्याशी झाला. त्यांचे माहेर सुभेदारांचे व खाऊनपिऊन सुखी असे होते. ह्या दांपत्यास 14 अपत्ये झाली. परंतु त्यांतील बहुतेक बालपणीच गेली, व तीन पुत्र आणि दोन कन्या तेवढ्या पुढे राहिल्या. बाळाराम, आनंदराव व भीमराव हे पुत्र. मंजुळा व तुळसा ह्या कन्या. सर्वांत धाकटे भीमराव हे 14 एप्रिल 1891 रोजी मध्य हिंदुस्थानात इंदूरजवळील महू छावणीत जन्मले. रामजी कबीरपंथी होते. मद्यमांसास त्यांच्या घरात थारा नव्हता. पहाटे व सायंकाळी भजन-अभंग म्हणावयाचे आणि रामायण-महाभारतातील भाग मुलांकडून वाचून घ्यावयाचे, हा त्यांचा नेम होता, व त्यात खंड पडलेला त्यांस खपत नसे. शाळेत जशी शिस्त तशीच घरात. अर्थात शिस्तीमागे माया होती, हे मुलांस पुढे कळले. महात्मा जोतीराव फुले यांच्याविषयी त्यांच्या मनात फार आदर वसत होता.

ह्याच सुमारास त्यांच्या समाजावर एक मोठा आघात झाला. लढवय्या जाती कोणत्या व बिगर-लढवय्या कोणत्या, असा एक नवा विचार सरकारी गोटात बळावला, आणि 1892 च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. ज्यांनी तीन-तीन पिढ्या निशाणाखाली रक्त सांडले, त्यांची आता फौजेस गरज उरली नाही. परंतु वाचकहो, ह्या बंदीने केवळ भाकरी बंद झाली नाही. भरती बंद झाली तेव्हा छावणीची शाळाही बंद झाली. पुढील पिढीतील मुलाने आता अक्षर कोठे शिकावे? शिक्षक असलेल्या रामजींस ह्या प्रश्नाची धार इतरांहून अधिक लागली असल्यास नवल नाही. ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांस भेटले, व त्यांच्या साह्याने सरकारकडे अर्ज तयार केला. दापोलीस राहणारे निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनीही अशीच खटपट चालविली होती. अर्जाचा उपयोग झाला नाही. दरवाजा बंद तो बंदच राहिला.

शिपाई म्हणून जे करावयाचे ते करून झाले होते. अर्जदार म्हणून जे करावयाचे तेही झाले होते. आता उरला होता तो शिक्षक, आणि त्याच्या घरातील मुले. आमच्या मते रामजींच्या चरित्राचे मर्म येथे आहे. सरकारने जी शाळा बंद केली, ती त्यांनी आपल्या घरात चालू ठेवली.

भीमराव दोनतीन वर्षांचे असताना रामजी निवृत्त झाले. निवृत्तिवेतन महिना 50 रुपये होते. प्रथम त्यांनी कुटुंबासह कोकणात दापोलीस मुक्काम केला, व मग साताऱ्यास बिऱ्हाड हलविले. तेथे 1896 साली भीमाबाई निवर्तल्या. लहान मुलांचा सांभाळ रामजींच्या भगिनी मीराबाई यांनी केला. ह्याच साताऱ्यात 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमरावांचे नाव सरकारी हायस्कुलाच्या पटावर चढले. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण पटावर नाव चढले म्हणून वर्गात जागा मिळाली असे नव्हे. सुभेदाराचा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. तहान लागली तरी नळास हात लावण्याची त्यास मोकळीक नव्हती, शिपायाने नळ सोडला तर पाणी, नाही तर तहान. ज्या पित्याने 14 वर्षे शाळा चालविली, त्याच्या मुलास शाळेत ही वागणूक मिळत होती.

1899-1900 च्या मोठ्या दुष्काळानंतरची एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आपल्या दोन तालुक्यांतील जुन्या घराण्यांस दुष्काळी कामे म्हणजे काय हे सांगावयास नको. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात लोकांस काम मिळावे म्हणून सरकारने तलाव खणण्यास घेतला होता, व तेथे रामजी खजिनदाराचे काम पाहात. 1901 च्या सुमारास उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांस भेटीस बोलाविले. मुले नवे कपडे करून, आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. परंतु मुलांचे पत्र नोकराने वेळीच न दिल्यामुळे रामजींस त्यांच्या येण्याची वार्ताच नव्हती. स्टेशनावर कोणी घ्यावयास आले नाही. मुलांची जात कळताच बैलगाडीवाले मागे सरले. अखेर दुप्पट भाड्याच्या लोभाने एकजण तयार झाला, तोही ह्या अटीवर, की गाडी मुलांनीच हाकावी व आपण बाजूने पायी चालावे. रात्र वाटेतच गेली. बरोबर शिदोरी होती, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही, आणि पाण्यावाचून घास उतरेना. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मुले पित्याजवळ पोहोचली. पुढे भीमरावांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेविली आहे. आम्ही मात्र येथे पित्याच्या बाजूने विचार करतो. ज्याच्या हाती दुष्काळी कामाचा सरकारी खजिना विश्वासाने सोपविला होता, त्याच्या हुद्द्याने व त्याच्या पदकांनी त्याच्या लेकरांस वाटेत घोटभर पाणी मिळवून दिले नाही.

रामजी हे देवदूत नव्हते. भीमाबाईंच्या मागे त्यांनी दुसरा विवाह केला, आणि आईच्या आठवणीने व्याकूळ असलेल्या धाकट्या भीमरावास ही गोष्ट मुळीच रुचली नाही. नव्या आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून त्या मुलाच्या मनास जखम झाली, व घर सोडून मुंबईच्या गिरणीत काम धरावे असे विचार त्याच्या डोक्यात घोळू लागले. पुढे त्यास उमगले, की गिरणीकडे जाणारी वाट सोडून पुस्तकाकडे जाणारी वाट धरिली तरच आपण स्वतंत्र होऊ. तेव्हापासून तो अभ्यासास लागला. घराघरांतून असे रुसवे होतात, व कित्येक मुले त्यापायी कायमची वाया जातात, हे आपण पाहतो. येथे तसे झाले नाही, ह्याचे कारण त्या घरात रुसव्याहून मोठी अशी एक गोष्ट होती, ती म्हणजे अभ्यासाची सवय.

1904 साली साताऱ्याची चाकरी संपली, व रामजी कुटुंबासह मुंबईस आले. परळच्या कामगार वस्तीत एका चाळीत एकच खोली. तीत स्वयंपाक, तीत निजणे, तीतच सरपण व जाते. दोन मुलांस शिकविणे 50 रुपयांत शक्य नव्हते. तेव्हा आनंदरावांची शाळा थांबवून त्यांस नोकरीस लाविले, आणि भीमरावांस एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. हा निर्णय घेताना शिक्षकाचे मन काय म्हणत असेल? सर्व मुले सारखीच शिकली पाहिजेत हे ज्याने जन्मभर शिकविले, त्यास आपल्याच घरात एकास निवडून दुसऱ्यास थांबवावे लागले. भीमरावांच्या पदव्या आपण मोजतो, तेव्हा आनंदरावांची मध्येच मिटलेली पुस्तकेही हिशेबात धरावीत, असे आम्हांस वाटते.

आता त्या एका खोलीतील शाळेचे वेळापत्रक पाहावे. संध्याकाळी खोलीत गलबला असल्याने अभ्यास होत नसे. म्हणून भीमरावांनी लवकर निजावे. रामजींनी मात्र जागे राहावे, आणि रात्री दोन वाजता मुलास उठवून, त्यास दिव्यापाशी बसवून, मग स्वतः पाठ टेकावी. त्या खोलीत दोघांस सुखाने निजता येईल एवढी जागाच नव्हती. इंग्रजी पक्की व्हावी म्हणून हॉवर्डची पुस्तके व तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून घोटवून घेतली होती. मुलास पाठ्यपुस्तकांबाहेरील वाचनाचा नाद होता. तो त्यांस फारसा पसंत नव्हता, कारण परीक्षा जवळ येत असे. तरीही मुलाने पुस्तक मागितले आणि ते आणिले नाही, असे सहसा झाले नाही. पैसे नसतील तर वृद्ध सुभेदार लेकीच्या घरी जात. धाकट्या लेकीकडून तीनचार रुपये उसने मिळाले तर ठीक. नाही तर थोरलीकडून एखादा दागिना मागून आणावा, सावकाराकडे गहाण टाकावा, पुस्तक घ्यावे, आणि निवृत्तिवेतन हाती पडताच दागिना सोडवून लेकीस परत द्यावा. असे पुनःपुन्हा होई. लेकीही देत गेल्या, ही गोष्ट विसरता कामा नये.

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या काळी ही इतकी अपूर्व गोष्ट होती, की त्यानिमित्त अभिनंदनाची सभा भरली, व कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र मुलास भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च रामजींस पेलेना, तेव्हा केळुसकरांच्या खटपटीने बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पदवी झाल्यावर भीमरावांनी बडोदे सरकारची नोकरी पत्करली. ही नोकरी रामजींस पसंत नव्हती. तेथे मुलाचा अपमान होईल अशी त्यांस भीती होती, आणि ती खोटी नव्हती. पण मुलाने शब्द दिला होता, तो मोडणे त्यास रुचेना. 1913 च्या जानेवारीत तो बडोद्यास गेला.

थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार गेली. भीमराव लगोलग निघाले. वाटेत सुरतेस वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते उतरले, आणि तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या गाडीपर्यंत ताटकळावे लागले. ते मुंबईस पोहोचले तेव्हा रामजींचे प्राण जणू डोळ्यांत उरले होते. मुलाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरविला, आणि 2 फेब्रुवारी 1913 रोजी देह ठेविला. त्याच वर्षी बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर तो मुलगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. ते भाग्य पाहावयास सुभेदार राहिले नाहीत.

रामजींच्या मागे काय उरले? दौलत नव्हे, कर्जच होते. परंतु जो अर्ज 1892 नंतर फुकट गेला होता, त्याचे उत्तर पुढे आले. पहिल्या महायुद्धात 1917 साली महारांची एक पलटण उभारण्यात आली व युद्धानंतर मोडण्यातही आली; पण 1941 साली महार रेजिमेंट कायमची उभी राहिली, आणि त्या वर्षी संरक्षणविषयक सल्लागार समितीवर रामजींचे पुत्र सभासद होते. छावणीच्या शाळेचेही उत्तर आले. 1945 साली त्याच पुत्राने पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली, व पुढच्याच वर्षी मुंबईस सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. पित्याने एका मुलासाठी जे दार किलकिले ठेविले होते, ते मुलाने सर्वांसाठी सताड उघडले.

प्रिय धर्मबंधूंनो व भगिनींनो, आपल्या खेड्यांतील शाळांचाही इतिहास काही निराळा नाही. जेथे चावडीवरची शाळा आपल्या वडीलधाऱ्यांस आत घेत नव्हती, तेथे झाडाखाली, ओसरीवर किंवा देवालयाच्या पडवीत कोणी मास्तर पाटी घेऊन बसले, आणि त्यांच्या अल्प पगारात दोनचार मुलांची पुस्तकेही निघाली. त्यांच्या नावाचे स्तंभ नाहीत. रामजींच्या नावाचाही स्तंभ कोठे रणभूमीवर नाही. त्यांनी जी लढाई जिंकली ती रात्री दोन वाजता, एका खोलीत, दिव्याच्या उजेडात जिंकली. ज्युबिलीच्या ह्या वर्षी आपल्यापैकी ज्यांच्या घरी शिकणारे मूल आहे त्यांनी एवढेच करावे : मुलाच्या अभ्यासाची वेळ ही घरातील सर्वांत मानाची वेळ समजावी, आणि ज्या भावंडाने आपले पुस्तक मिटून त्यास वाट करून दिली असेल, त्याचा मान त्याहून किंचितही कमी समजू नये. सुभेदार रामजी सकपाळ यांचे स्मरण करण्याचा ह्याहून योग्य मार्ग आम्हांस दिसत नाही.